मोती मागे सरतो : अध्ययनाचा एक घरगुती प्रयोग

आमचा वाडा सदाशिव पेठेतला. रस्त्यावरच्या दारातून आत आले की चौकात पोचेपर्यंत एक बोळ लागतो. मी टेपने मोजला तेव्हा लांबी अठरा फूट आणि रुंदी अडीच फूट भरली. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरून भिंतीला लागायचे, हा वाड्याचा जुना शिरस्ता. आमचा मोती मात्र तो मानायला तयार नव्हता. मोती हा गावठी कुत्रा, वय अदमासे तीन वर्षे. समोरून कोणीही आले की तो शेपूट हलवीत तसाच पुढे घुसे आणि पायांतून वाट काढी.

गेल्या वर्षी आजीचा खुबा मोडला. शस्त्रक्रियेनंतर ती वॉकर घेऊन चालू लागली. श्रावणातल्या एका संध्याकाळी ती देवळातून परतत असताना मोती थेट तिच्या वॉकरमध्येच शिरला. शेजारच्या काकूंनी धरले म्हणून थोडक्यात निभावले. त्याच रात्री घरात ठरले, की मोतीला सासवडला मामाच्या मळ्यावर पाठवायचे. मी रडले, भांडले. अखेर बाबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. "तोवर आजीला पाहून मागे सरायला शिकला तर राहू दे. नाही तर सासवड," असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. 'अध्ययन' हे प्रकरण परीक्षेपुरते पाठ केलेले होते. ते मोतीच्या चार पायांवर तपासून पाहण्याची वेळ अशी अचानक आली.

मागे चालणे अवघड का?

कुत्र्याचे सारे जगणे नाकाच्या पुढे चालते. मोतीला आठवडाभर नुसते पाहिले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. भ्याला तर तो एखाद-दुसरे पाऊल मागे घेतो, पण लगेच वळतो. सलग पाच-सहा पावले मागे जाण्याचा प्रसंग त्याच्या दिनक्रमात येतच नाही. पुढचे पाय तो पाहून टाकतो. मागचे पाय नुसते पाठोपाठ येतात. मागे सरायचे म्हणजे त्या मागच्या पायांकडे लक्ष देणे आले, आणि ते त्याला कधी द्यावेच लागलेले नसते.

मग त्याला सरळ वळून जायलाच का शिकवू नये, असे कोणी विचारील. तेही करून पाहिले. अरुंद बोळात वळताना त्याचे अंग वॉकरच्या पायांना घासे. शिवाय वळल्यावर आजी पाठीमागे राही, म्हणून पुन्हा वळून तो तिच्याकडेच येई. मागे सरणारा कुत्रा समोरच्या माणसाकडे पाहत सरतो आणि अंतर राखतो. म्हणून मागे सरणेच हवे होते.

पहिला आठवडा : चुका

सुरुवातीला मी त्याच्या छातीला हात लावून "मागे, मागे" म्हणत ढकलले. त्याने तितक्याच जोराने पुढे रेटा दिला. गळ्यातला पट्टा मागून ओढला, तर तो बसला. आवाज चढवला, तर त्याने कान पाडले. सात दिवसांत एकही पाऊल मागे पडले नाही. उलट "मागे" हा शब्द ऐकताच मोती पलंगाखाली जाऊ लागला.

म्हणजे अध्ययन झाले होते, पण मला नको असलेले. अन्नाची चाहूल देणाऱ्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) यांनी दाखवले. त्याला आपण अभिजात अभिसंधान म्हणतो. माझ्या घरी शब्दाची सांगड अन्नाशी न बसता धक्क्याशी बसली होती.

कोंडी फोडली ती आजीने. तिचे माहेर भोर तालुक्यातले. घरी बैलगाडी होती. खाटेवरून माझी खटपट पाहून ती म्हणाली, "अगं, बैलाला गाडी मागं घ्यायला शिकवताना माझे वडील कधी झोंबाझोंबी नाही करायचे. एक पाऊल मागं पडलं, की तिथंच थांबायचे आणि मानेवरून हात फिरवायचे. त्याला कळायला नको का, की हेच हवं होतं म्हणून?"

हेच पुस्तकात जड शब्दांत लिहिलेले आहे. थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी जो परिणामाचा नियम मांडला तो असा : ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती पुन्हा घडते. स्किनर (१९०४–१९९०) यांनी त्यावर साधक अभिसंधानाची इमारत उभारली. हवे ते वर्तन आयते मिळत नसेल तर त्याच्या जवळपासच्या लहानशा हालचालीला बक्षीस द्यावे आणि अपेक्षा हळूहळू वाढवत न्यावी, ही त्यांची रीत.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली, ती घोडे शिकवण्याच्या कसबाच्या बळावर. आपल्या पुण्यात शिवाजीनगरला पोलिसांचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांच्या काळात स्फोटके हुडकणारा 'झंजीर' तिथेच तयार झाला.

पद्धत

दुसऱ्या आठवड्यापासून पुढील क्रम पाळला. कोणाला करून पाहायचे असल्यास उपयोग होईल.

१. वेळ आणि जागा : सकाळ-संध्याकाळ चार-चार मिनिटे, जेवणाआधी. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून खाली सतरंजी. कुत्रा म्हातारा असेल किंवा कमरेने अधू असेल तर हा खेळ पशुवैद्याला विचारूनच करावा.

२. खाऊ : उकडलेल्या अंड्याचे किंवा पोळीचे हरभऱ्याएवढे तुकडे. कांदा, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला घातक, म्हणून ती वर्ज्य.

३. खूण : हवी ती हालचाल घडली त्याच क्षणी एक ठरावीक आवाज करायचा आणि मग खाऊ द्यायचा. खाऊ हातातून तोंडात जाईपर्यंत कुत्रा आणखी चार हालचाली करतो. बक्षीस नेमके कशाचे, हे त्याला आवाजामुळे कळते. स्किनर यांनी १९५१ मधल्या एका लेखात यासाठी टिकटिक वाजणारे खेळणे सुचवले होते. मी बॉलपेनचे बटण वापरले. आधी दोन दिवस फक्त 'टिक' आणि खाऊ, एवढेच केले.

४. पहिले पाऊल : भिंत आणि ट्रंक यांच्यामध्ये त्याच्या अंगाएवढी वाट ठेवली, म्हणजे तो तिरका जाणार नाही. खाऊ नाकासमोर धरून हात त्याच्या छातीकडे नेला. हात उंच गेला की तो बसतो. हनुवटीच्या खाली राहिला की मागचा एक पाय मागे पडतो. पाय हलला, की टिक.

५. खाऊ कुठे द्यावा : इथे मी तीन दिवस फसले. तुकडा माझ्या हातातच ठेवून त्याला घ्यायला लावत होते. त्यासाठी तो पुढे येई, म्हणजे बक्षीस पुढे येण्यालाच मिळे. नंतर तुकडा त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये टाकू लागले. तो घेण्यासाठी त्याला आपणहून मागे सरावे लागे. हा एवढासा बदल केला आणि गाडी रुळावर आली.

६. वाढ : एकाची दोन पावले, दोनाची तीन. लागोपाठ दोनदा चुकला तर दोष माझ्या घाईचा, असे समजून एक पायरी खाली यायचे.

७. शब्द : पावले बिनचूक पडू लागल्यावरच शब्द जोडायचा. "मागे" हा शब्द मी नासवला होता. शिवाय घरात तो दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो. म्हणून आजीचा, बैलांसाठीचा शब्द घेतला : "सर!" महाविद्यालयात ज्या शब्दाने आपण गुरुजनांना हाक मारतो, तो ऐकून मोती मागे हटतो, याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

नोंदवहीतून

या पद्धतीने पहिल्या दिवशी एक पाऊल, पाचव्या दिवशी तीन, चौदाव्या दिवशी सलग दहा पावले. मी विजयी मुद्रेने त्याला बोळात नेले आणि म्हटले, "सर!" तो शेपूट हलवीत माझ्या पायांतून निघून गेला.

याचे उत्तरही पुस्तकात होते, पण मी ते वाचून सोडून दिले होते. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप येत नाही. सामान्यीकरण वेगळे शिकवावे लागते. मोतीच्या लेखी खोलीतला "सर" वेगळा आणि बोळातला वेगळा. बोळात पुढे घुसण्याची त्याला तीन वर्षांची सवय. पुन्हा एका पावलापासून सुरुवात केली. अकरा दिवसांनी तो बोळाच्या मध्यापासून चौकापर्यंत मागे जाऊ लागला.

मग वॉकर. आधी तो नुसता भिंतीशी ठेवला, मग मी हातात धरून उभी राहिले, मग त्याच्यासह चालले. शेवटी आजी, आणि तिच्या पाठीशी मी. आजी "सर रे" म्हणाली. 'रे' नवा असल्यामुळे मोती क्षणभर थबकला. मग एक पाऊल, दुसरे, तिसरे; चौकाच्या उंबऱ्याशी मागचा पाय अडला तेव्हा थांबला. आजीने त्याला टाकायला म्हणून पदरात पोळीचा तुकडा आणला होता. मी तिला शिकवायला जाणार, तोच तिने तो नेमका त्याच्या पायांमध्ये टाकला. खाटेवरून तिने सगळे पाहिले होते.

वसुबारसेच्या दिवशी बाबा दारात उभे राहून हे पाहत होते. काही बोलले नाहीत. दिवाळी झाली, सासवडचा विषय पुन्हा निघाला नाही.

निष्कर्ष आणि मर्यादा

एका कुत्र्यावरून सिद्धान्त निघत नाही, हे मला मान्य आहे. अंधारात आणि अनोळखी माणसासमोर मोती अजूनही चुकतो, म्हणून बोळात दिवा लावून ठेवतो आणि आजीसोबत शक्यतो कोणीतरी असते. दोन-चार दिवस सराव चुकला की पावले कमी होतात. विस्मरणाची व्याख्या मला आता पाठ करावी लागत नाही.

एक नोंद मात्र स्वतःविषयी. पहिल्या आठवड्यात मी मोतीला हट्टी ठरवले होते. वही चाळताना दिसते, की त्या सात दिवसांत मी त्याला काय नको ते सत्तर वेळा सांगितले आणि काय हवे ते एकदाही सांगितले नाही. अध्यापन हा व्यवसाय पत्करण्याचा माझा विचार आहे. तेव्हा वर्गात एखादे मूल पलंगाखाली शिरू लागले, तर आधी माझा हात कुठे आहे ते पाहीन.

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)