पडद्यावरचे तुकोबा आणि गाथेतले तुकोबा

डोळे मिटून ‘तुकोबा’ म्हटले की पुष्कळांपुढे उभे राहतात ते विष्णुपंत पागनीस. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला बोलपट १९३६ साली निघाला. पुढच्याच साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. पागनिसांचे भजनात रंगणे लोकांना इतके पटले की नट कोण नि संत कोण, हा भेदच उरला नाही.

येथवर ठीक. पण त्याच बोलपटातले बीजाच्या दृष्टांताचे गीत अनेकांनी तुकोबांचा अभंग समजून गायिले. ते आहे शांताराम आठवले यांचे. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. कितीही धुंडाळा, ते तेथे सापडायचे नाही. यात आठवल्यांचा दोष नाही. त्यांना जुने वळण साधले. न पाहता नाव जोडले ते ऐकणाऱ्यांनी.

तुम्ही म्हणाल, अर्थ चांगला, चाल गोड, मग बिघडले कुठे? बिघडते ते असे. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा म्हणजे बोलणाऱ्याची ओळख. सालोमालो संतांची वचने मोडून आपली म्हणून मिरवी, ही तक्रार गाथेतच आहे. त्याने दुसऱ्याचे ते आपले म्हटले. आपण आठवल्यांचे ते तुकोबांचे म्हटले. दोन्हीकडे कर्त्याची ओळख पुसली जाते.

आणि खुद्द तुकोबांचीही पुसली जाते. पडद्यावरचे तुकोबा शांत, क्षमाशील. गाथेतले तुकोबा क्षमाशील खरेच. पण ते देवाशी भांडतात, दांभिकाला झोडपतात, व्यापारात बसलेली खोट आणि दुष्काळात अन्नावाचून गेलेली बायको, काही लपवीत नाहीत. ज्याच्या घरी आज तसेच दुःख आहे, त्याला आपला माणूस भेटतो तो येथे.

२०१२ च्या चित्रपटात जितेंद्र जोशी तुकोबा झाले; २०१४ साली सुरू झालेल्या ‘तू माझा सांगाती’ या मालिकेत चिन्मय मांडलेकर. पिढीगणिक चेहरा बदलतो, शब्द बदलत नाहीत.

म्हणून नेम असा ठेवावा. चित्र खुशाल पाहावे, डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे. पण आवडलेले पद घरी येऊन गाथेच्या सूचीत शोधावे. सापडले तर पाठ करावे. न सापडले तर ज्याचे त्याचे नाव घेऊन गावे.