शस्त्रक्रियेपूर्वी मनाची तयारी

एकच रुग्णालय, एकच शल्यचिकित्सक आणि शस्त्रक्रियाही तीच. तरीही एक रुग्ण चार दिवसांत हिंडू-फिरू लागतो, तर दुसरा आठवडा उलटला तरी अंथरूण सोडण्यास धजावत नाही. वय, मधुमेहासारखे आजार आणि शस्त्रक्रियेचे स्वरूप ही या फरकाची मुख्य कारणे होत. परंतु रुग्णाच्या स्वभावाचाही त्यात वाटा असतो. हर्निया, पित्ताशयातील खडे, गुडघ्याचे सांधेरोपण अशा पूर्वनियोजित शस्त्रक्रियांची तारीख आधीच ठरते. त्यामुळे मनाला धास्तावण्यास अवधी मिळतो, तसाच सावरण्यासही.

अमेरिकेत 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर आशावादी रुग्ण इतरांपेक्षा लवकर उठून बसू व चालू लागल्याचे आढळले. याउलट, दुखण्याचा बाऊ करणाऱ्या व्यक्तींना सांधेरोपणानंतर वेदना अधिक जाणवतात. वेदनेच्या भीतीने हालचाल टळते, व्यायाम राहून जातो आणि सांधा आखडतो. मनावरील ताणाचा परिणाम थेट शरीरावरही होतो. 1998 मधील एका प्रयोगात दंतवैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर छोटी जखम करण्यात आली. सुट्टीतील जखमेपेक्षा परीक्षेच्या काळातील जखम भरण्यास सरासरी 40 टक्के अधिक काळ लागला.

स्वभाव एका रात्रीत पालटत नाही, हे खरे. मात्र अज्ञानातून येणारी भीती दूर करता येते. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भूलतज्ज्ञांनी 1964 मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेच्या 97 रुग्णांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काही रुग्णांना आदल्या दिवशी भेटून वेदना कोठे होईल, किती तीव्र असेल, किती काळ टिकेल आणि स्नायू सैल सोडून कुशीवर कसे वळावे, हे समजावून सांगण्यात आले. कोणाला ही माहिती दिली आहे, हे शल्यचिकित्सकांना ठाऊक नव्हते. तरीही त्या रुग्णांना वेदनाशामक औषधे जवळपास निम्मीच लागली आणि ते सरासरी 2.7 दिवस आधी घरी गेले.

अर्थात या उपायाचे सामर्थ्य मर्यादित आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासांच्या एका व्यापक आढाव्यात लाभ दिसला, पण तो अल्प होता. प्रसन्न मन हे औषधोपचाराची जागा घेऊ शकत नाही. तसेच बरे होण्यास विलंब लागला म्हणून रुग्णाच्या मनोबलाला दोष देणेही अन्यायाचे ठरेल.

आज दुर्बिणीद्वारे होणाऱ्या अनेक शस्त्रक्रियांनंतर रुग्ण एक-दोन दिवसांतच घरी परततो आणि पुढील काळजी त्याच्यावर व कुटुंबीयांवर येते. म्हणूनच मनातील शंकांची यादी करून ती डॉक्टरांपुढे निःसंकोचपणे मांडावी. वेदना किती अपेक्षित आहे, केव्हा चालावे, कोणते लक्षण दिसताच कळवावे, हे आधीच विचारून घ्यावे. फार घाबरल्यासारखे वाटत असल्यास तेही सांगावे. रक्तदाबाइतकीच ही माहितीही डॉक्टरांच्या उपयोगाची असते.