मुलींचे हायस्कूल आणि गावाची जबाबदारी

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल हे प्राचीन क्षेत्र आहे. तेथील मंदिरातील शके ९४० (इ. स. १०१८) चा शिलालेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. हा लेख वाचणारा विजयी होईल, अशा आशयाची ओळ त्यात मराठीत कोरलेली आहे. आद्य मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. ज्या मातीत हजार वर्षांपूर्वी वाचणाऱ्याला विजयाचे आश्वासन दिले गेले, त्या मातीतील मुलींच्या वाट्याला ते कितपत आले, हा प्रश्न आज विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

याच तालुक्यात, सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मंद्रूप वसले आहे. मंद्रूपसारख्या गावातील मुलीपुढे आठवीनंतर जो प्रश्न उभा राहतो, तो नीट समजून घ्यावयाचा तर मुलींच्या हायस्कुलाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

प्राथमिक शाळा ते हायस्कूल

महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले ते मात्र २९ सप्टेंबर १८८४ रोजी. या दोन घटनांमध्ये छत्तीस वर्षांचे अंतर आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या प्रयत्नाने ही शाळा निघाली. पेशव्यांच्या घोडदळाच्या पागेच्या जागेवरून तिला ‘हुजूरपागा’ हे नाव पडले. मुलींसाठी हायस्कूल असावे, या मागणीचे इंग्रजी निवेदन रमाबाई रानडे यांनी जाहीर सभेत वाचून दाखविले. त्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून त्यांना बोलणी खावी लागली, हे त्यांनीच आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

छत्तीस वर्षे का लागली, याचे उत्तर मुलीच्या वयात आहे. प्राथमिक शाळेचे वय आणि लग्नाचे वय यांची त्या काळीही काही वर्षे गाठ पडत नसे. मुलगी सात-आठ वर्षांची होईतो अक्षरे गिरवी आणि मग सासरी जाई. हायस्कुलाचे वय सुरू होते ते नेमके अशा वेळी, जेव्हा घरात लग्नाची बोलणी सुरू झालेली असत. म्हणून मुलींचे हायस्कूल ही विवाहाच्या रूढीशी समोरासमोर येणारी पहिली शिक्षणसंस्था ठरली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. हायस्कूल पुरे करण्याइतका अवधी कायद्याने मुलीला असा टप्प्याटप्प्याने मिळत गेला.

वेळेचा वाद

हुजूरपागेच्या आरंभकाळी झालेला एक वाद आजही उद्‍बोधक आहे. शाळा अकरा ते पाच भरत असे. लोकमान्य टिळकांनी या वेळेला आणि अभ्यासक्रमाला आक्षेप घेतला. इतका वेळ मुलगी शाळेत राहिली तर घरकाम शिकणार केव्हा, म्हणून शाळा थोडे तास भरावी, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेच्या चालकांनी पूर्ण वेळेचे शिक्षण सोडले नाही. या वादाचे मूळ वर्तमानपत्रांच्या रकान्यांपेक्षा घराघरांत होते. मुलीच्या दिवसावर पहिला हक्क कोणाचा, घराचा की शाळेचा, हा तो प्रश्न होता. ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुलगी घरी ठेवली जाते, तेव्हा शिक्षकापुढे तोच प्रश्न पुन्हा उभा असतो.

वसतिगृह आणि शाळेचे जीवन

अंतराचा प्रश्न त्या काळी वसतिगृहाने सोडविला. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे सातव्या वर्षी हुजूरपागेच्या वसतिगृहात आल्या आणि १९२२ मध्ये तेथूनच मॅट्रिक झाल्या. सोलापूरच्या वाटेवरील इंदापूर येथे जन्मलेल्या कवयित्री शांता शेळके याही याच शाळेच्या विद्यार्थिनी. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या सेवासदनाचे कार्य पुढे सोलापुरातही रुजले. सेवासदनाची शाळा सोलापूरकरांना चांगली परिचित आहे.

अशा शाळांत मुलींना पुस्तकी विद्येखेरीज आणखी काही मिळते. वर्गाची प्रमुख मुलगीच, खो-खोच्या संघाची कप्तान मुलगीच, संमेलनात बोलणारीही मुलगीच. फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या बाई याच गावातून किंवा अशाच एखाद्या गावातून शिकून आलेल्या आहेत, हे मुलगी रोज पाहते. चार माणसांत उभे राहून बोलण्याचा सराव तिला येथे होतो आणि उद्या ग्रामसभेत तोच उपयोगी पडतो.

आठवीनंतरचा उंबरठा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याची हमी सहा ते चौदा या वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीत नाव घातले नाही तर त्या कायद्याने कोणाला जाब विचारता येत नाही. मुलगी चौदा वर्षांची होते, शाळा दूर जाते, एसटीची वेळ जुळत नाही आणि नेमके त्याच वर्षी घरात स्थळांची चर्चा सुरू होते. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट भागांत अनेक घरांची बोली कन्नड आहे. कन्नड माध्यमातून मराठी माध्यमात जाणाऱ्या मुलीला भाषेचाही अडसर पार करावा लागतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर सोलापूर जिल्ह्यात सुमारे ४० टक्के आढळले. ज्या जिल्ह्याच्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे, त्या जिल्ह्याने हा आकडा गांभीर्याने घेतला पाहिजे.

योजना आहेत, पाठपुरावा हवा

शासनाने या वाटेवरील अडचणी कमी करण्याचा प्रयत्न केला आहे. १९८० च्या दशकात मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत करण्यात आले. अहिल्याबाई होळकर योजनेखाली १९९६ पासून ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत प्रवास मिळू लागला. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या, पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांतील मुलींसाठी ‘लेक लाडकी’ योजना आहे. तीत जन्मवेळी, पहिलीत, सहावीत व अकरावीत रक्कम मिळते आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार रुपये मिळतात. एकूण रक्कम १ लाख १ हजार रुपये होते.

परंतु पास हाती असून एसटी वेळेवर नसेल तर पासाचा उपयोग नाही. येथे गावाची जबाबदारी सुरू होते. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलीची यादी ग्रामपंचायतीने उन्हाळ्यातच करावी आणि त्यांतील किती जणी नववीत दाखल झाल्या, हे जूनअखेर ग्रामसभेत वाचून दाखवावे. शाळा सुटण्याच्या वेळेशी जुळणारी एसटी मिळावी, म्हणून मुख्याध्यापक व सरपंच यांनी एकत्रितपणे आगाराकडे लेखी मागणी करावी. शाळेत मुलींसाठी पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आहे की नाही, हे पंचायतीच्या महिला सदस्यांनी स्वतः जाऊन पाहावे. सलग आठवडाभर गैरहजर राहिलेल्या मुलीच्या घरी शिक्षकांनी जावे. पटावरील कोऱ्या चौकटी ही अनेकदा ठरत असलेल्या लग्नाची पहिली खूण असते.

खेड्यात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकावर सोपविलेली आहे आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही माहिती कळविता येते. तथापि मांडवात जाऊन लग्न थांबविण्यापेक्षा जूनमध्ये नववीत नाव घालणे सर्वांनाच सोपे आणि सन्मानाचे आहे.

हुजूरपागेच्या चालकांनी १८८४ मध्ये रूढीपुढे मुलीची चार-पाच वर्षे मागून घेतली. तीच चार-पाच वर्षे आज मंद्रूप परिसरातील प्रत्येक मुलीला मिळवून देणे शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्या हाती आहे. कुडलच्या शिळेवरील आश्वासन त्या मुलींच्या बाबतीत खरे ठरावयाचे असेल, तर त्यांचे नाव नववीच्या पटावर आले पाहिजे आणि दहावीच्या परीक्षेपर्यंत तेथे टिकले पाहिजे.