तक्त्यातील तांबडी चौकट

पावसाळ्यात लोणावळ्याला गेला असाल, तर भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून धो धो वाहणारे पाणी तुम्ही पाहिले असेल. सह्याद्रीच्या माथ्यावरील या गावी वर्षाकाठी चार हजार मि.मी.च्या आगेमागे पाऊस पडतो. पुणे शहरात मात्र तो जेमतेम सातशे-साडेसातशे मि.मी. असतो. मावळातील पावसाच्या नोंदींना म्हणूनच मोठे महत्त्व आहे. वळवण, शिरवटा व लोणावळा या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ सालापासून वीज निर्माण करीत आले आहे. धरणात पाणी किती येणार, ओढ्यांना पूर येईल काय, हे ठरविताना पावसाचे आकडे हाताशी लागतात.

आता अशी कल्पना करा, की लोणावळ्यातील एका शाळेने अंगणात पर्जन्यमापक बसविला आहे. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून आकडा वहीत लिहितात. नंतर विद्यार्थी ते आकडे संगणकातील तक्त्यात भरतात. तक्त्यात आडव्या ओळी व उभे रकाने असतात. ओळ आणि रकाना जेथे मिळतात, त्या जागेला आपण ‘घर’ म्हणू.

वहीत जुलैच्या एका दिवशी ११२.४ मि.मी. अशी नोंद आहे. भरताना दशांश चिन्ह निसटले आणि घरात ११२४ पडले. चूक एवढीशी, पण परिणाम पहा. बेरजेत १०११.६ मि.मी. जास्तीचे आले. पुण्याच्या वर्षभराच्या पावसाहून ही चूकच मोठी झाली! जुलैचे दिवस ३१, म्हणून रोजची सरासरी सुमारे ३२.६ मि.मी.ने फुगली.

तपासायचे केव्हा?

अशी चूक संगणकाला पकडता येईल काय? येईल, पण त्याला नियम सांगावे लागतात. या कामाला पडताळणी म्हणतात. ती तीन पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी घराची. घरात संख्याच आहे ना? ती ऋण तर नाही? पाऊस उणे पाच मि.मी. पडू शकत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. रिकामे घर म्हणजे शून्य नव्हे. शून्य याचा अर्थ ‘मोजले, पण पाऊस नव्हता’. रिकामे याचा अर्थ ‘मोजलेच नाही’. पडताळणीने हा भेद राखला पाहिजे.

दुसरी पायरी ओळीची. किमान तापमान २९ आणि कमाल तापमान २४ अंश असे भरले, तर दोन्ही संख्या सुट्या पाहता बिनचूक दिसतात. एकत्र पाहिल्या म्हणजे विसंगती कळते.

तिसरी पायरी साऱ्या तक्त्याची. एकच तारीख दोन ओळींत आली आहे काय, हे एक ओळ पाहून समजत नाही.

तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. ११२.४ लिहिताना प्रथम नुसता १ उमटतो. तेवढ्यातच संगणक ‘चूक, चूक’ म्हणू लागला, तर लिहिणारा वैतागेल. म्हणून घराची तपासणी घर सोडताना आणि ओळीची तपासणी ओळ सोडताना करणे योग्य.

दाखवायचे कसे?

तुमचे गुरुजी वही तपासताना चुकीचे उत्तर खोडरबराने पुसून टाकीत नाहीत. ते त्याखाली तांबडी रेघ ओढतात आणि समासात दोन शब्द लिहितात. संगणकानेही तसेच वागावे. चुकलेल्या घराभोवती तांबडी चौकट यावी, शेजारी उद्गारचिन्ह यावे आणि तेथे बाण नेला की कारण वाचता यावे. नुसता रंग पुरेसा नाही, कारण काही जणांना तांबडा व हिरवा यांतील फरक ओळखता येत नाही. लिहिलेला आकडाही जागेवरच राहू द्यावा. तो पुसला गेला, तर नेमके काय चुकले हे कसे समजणार?

ओळीत विसंगती असेल, तर चूक किमान तापमानात की कमाल तापमानात, हे संगणकाला ठाऊक नसते. अशा वेळी एकाच घराला दोष न देता खूण ओळीच्या आरंभी करावी.

संदेशही कामाचा हवा. ‘चुकीची माहिती’ एवढे म्हणून भागत नाही. ‘येथे ११२४ मि.मी. आहे. दशांश चिन्ह राहिले काय? वही पहा’ असे म्हटले, तर लिहिणाऱ्याला वाट सापडते.

अशक्य आणि असंभाव्य

आता खरा प्रश्न. पावसाची वरची मर्यादा किती धरावी? कोणी म्हणेल, ‘५०० मि.मी. धरा, त्यावरचा आकडा घेऊच नका.’ थांबा! २६ जुलै २००५ चा दिवस आठवा. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला. त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मि.मी.हूनही कमी पाऊस होता. वरचा नियम लावणाऱ्या तक्त्याने सांताक्रूझचा आकडा नाकारला असता. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहणाऱ्यालाही तो खोटाच वाटला असता. पण आकडा खरा होता, आणि त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची नोंद तीच होती. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर तर जानेवारी १९६६ मध्ये २४ तासांत १८२५ मि.मी. पाऊस मोजला गेला आहे.

तेव्हा नियमांचे दोन वर्ग करावे लागतात. ऋण पाऊस अशक्य आहे. तेथे तांबडी चौकट दाखवून अडवावे. ११२४ मि.मी. अशक्य नाही, असंभाव्य आहे. तेथे पिवळी खूण करून विचारावे आणि वही पाहिल्यावर आकडा खरा ठरला, तर तो ठेवू द्यावा. संशय घेणे हे संगणकाचे काम. निकाल देणे हे मोजणाऱ्याचे.

करून पहा

शाळेतील संगणकावर एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क उघडा. महिन्याच्या तारखा व पाऊस असे दोन रकाने करा. ‘डेटा’ या यादीतील पडताळणीच्या सोयीने पावसाच्या रकान्याला ० ते ३०० ही मर्यादा घाला. चुकीच्या वेळी ‘थांबा’ किंवा ‘इशारा’ यांपैकी काय करायचे, ते निवडता येते. दोन्ही निवडून, दोन्ही वेळा ११२४ भरून पहा. मग एक्सेलमध्ये दुसऱ्या घरातील ११२४ ची नक्कल करून ती पावसाच्या घरात चिकटवा. इशारा येतो काय? येत नाही! ही तपासणी टंकलेल्या आकड्यांचीच होते.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. वहीतील ११.४ चे कोणी ९१.४ वाचले आणि तसेच भरले. हाताने लिहिलेले १ आणि ९ सारखेच दिसतात, नाही का? लोणावळ्याच्या जुलैत दोन्ही आकडे अगदी शक्य आहेत. मग कोणता नियम ही चूक पकडील? विचार करा, आणि वर्गात एकाने वाचावे व दुसऱ्याने ताडून पाहावे ही जुनी रीत अजून का टिकून आहे, तेही सांगा.