वळवाचे दिवस आणि आपली प्रकृती

वाचकहो, मागे एका वैशाखात घडलेली गोष्ट सांगतो. सलग दोन दिवस संध्याकाळी वळीव पडून गेला होता. मुरुडजवळच्या एका वस्तीवरील साठीच्या गृहस्थांना मी आठवडाभर ‘दुपारी शेतात जाऊ नका’ असे बजावत होतो. पाऊस पडल्यावर त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, आता गारवा आलाय, जाऊ का?” मीही मान डोलावली. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले आणि हवा कोंदट झाली. भिजलेला कडबा वाळत घालताना ते असंबद्ध बोलू लागले आणि कोसळले. मुलाने ओले धोतर अंगावर टाकून, पाणी शिंपडत दवाखान्यात आणले म्हणून ते वाचले. चूक माझीही होती. तेव्हापासून मी हवामानाचा अंदाज औषधाच्या चिठ्ठीइतका नीट वाचतो.

अंदाज कसा वाचावा?

प्रथम विभाग पाहावा. आपले मुरुड मराठवाडा विभागात येते. कोकणातल्या मुरुड-जंजिऱ्याचा अंदाज आपल्याला लागू नाही. उष्णतेच्या लाटेचे निकषही वेगळे आहेत. कमाल तापमान सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वाढले आणि ते किनारपट्टीवर ३७ अंश किंवा मैदानी भागात ४० अंश सेल्सिअस झाले, तर तेथे लाट समजतात. ४५ अंशांना मात्र सरासरी न पाहताही लाट धरतात.

दुसरे, शब्द पाहावेत. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे विभागातील जास्तीत जास्त चतुर्थांश ठिकाणी पाऊस. म्हणून लातूरला सरी पडल्या आणि मुरुड कोरडे राहिले, तर अंदाज खोटा ठरला असे नव्हे.

तिसरे, रंग पाहावा. हिरवा म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे ताबडतोब खबरदारी घ्या.

चौथे, तापमानाचा आकडा सावलीतला असतो. हवेशीर लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवलेल्या तापमापकावर तो मोजतात. उन्हात राबणाऱ्याच्या अंगाला त्याहून कितीतरी अधिक ताप सोसावा लागतो.

पावसानंतरचे ऊन घातक का?

दिवसभर जमीन तापते, गरम हवा वर जाते आणि समुद्राकडून आलेल्या बाष्पाचे उंच ढग बनतात. म्हणून वळीव बहुधा दुपारनंतर वावटळ व विजा घेऊन येतो. पारा काही अंश उतरतो, पण हवेतली वाफ वाढते. आपले शरीर घाम वाळल्याने थंड होते. दमट हवेत घाम वाळत नाही, तो नुसता निथळतो आणि उष्णता अंगातच साठते. शिवाय उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. मध्ये खंड पडला की ती सवय मोडू लागते.

लक्षणे आणि उपाय

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे ही पहिली सूचना होय. अशा वेळी काम थांबवून सावलीत बसावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा (चमचा चहाचा) घालून थोडे थोडे प्यावे. बडबड, झटके, बेशुद्धी किंवा १०४ अंश फॅरनहाइटच्या आसपास ताप असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा रुग्णाचे कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मनाने गोळ्या बंद करू नयेत.

विजेपासून सावध

आभाळ भरून आले की आपण कडबा झाकायला धावतो आणि पोरे पडलेले आंबे वेचायला झाडाखाली पळतात. नेमकी हीच वेळ जिवावर बेतते. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्याही टप्प्यात आहे. पक्क्या घरात जावे. झाड, उघडे पत्र्याचे शेड आणि तारेचे कुंपण यांपासून दूर राहावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवल्यास आसपासच्या विजेची सूचना मिळते.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात प्रवाह राहत नाही, त्याला हात लावण्यास भिऊ नये. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे आणि १०८ ला कळवावे.

पाणी

पहिल्या सरींबरोबर गावातली घाण विहिरीत, आडात उतरते. त्यामुळे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे औषध टाकून प्यावे. जुलाब लागल्यास वर सांगितलेले साखर-मिठाचे पाणी लगेच सुरू करावे.

ते गृहस्थ आजही शेतात जातात, पण सकाळी अकरापर्यंत आणि चारनंतर. निघण्यापूर्वी नातवाला विचारतात, “आज रंग कोणता रे?” आपणही आपल्या घरी एवढी सवय लावून घ्यावी.