पॅटर्न मॅचिंगच्या सिंटॅक्सवर वाद घालताना

पॅटर्न मॅचिंग हवं की नको, यापेक्षा ते लिहायचं कसं यावर जास्त खडाजंगी होते. पायथनमध्ये जून २०२० मध्ये पेप ६२२ (पेप म्हणजे भाषेत बदल सुचवणारा प्रस्ताव) मांडला गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पेप ६३४ मंजूर झाला. मधले महिने याच वादात गेले. मी रोज पायथन लिहितो, इतरांचा कोड तपासतो. त्यातून पटलेल्या या गोष्टी.

करा: फसणारा कोड आधी समोर ठेवा.
वर `नॉट_फाउंड = ४०४` आहे. खाली मॅचमध्ये एकच ओळ, `केस नॉट_फाउंड:`. वाचणाऱ्याला वाटतं, ४०४ शी तुलना होतेय. पण केसमध्ये नुसतं नाव दिसलं की पायथन तुलना करत नाही, आलेली किंमत त्या नावात भरतो. ५०० आला तरी केस जुळते आणि नॉट_फाउंडमध्येच ५०० जाऊन बसतो! खाली आणखी केस असत्या तर सिंटॅक्स एरर मिळाली असती. ही शेवटची आहे, म्हणून पायथन अवाक्षर काढत नाही. `एचटीटीपीस्टेटस.नॉट_फाउंड` असं टिंबाचं नाव लिहिलं की मात्र तुलना होते. एवढ्याशा टिंबावर अर्थ फिरावा, हे मला आजही पटत नाही. पायथनचे एक विकासक निक कॉगलन यांनी पेप ६४२ मध्ये तुलनेसाठी वेगळी खूण मागितली होती. तो प्रस्ताव नाकारला गेला, पण त्यामागची काळजी रास्त होती.

टाळा: "अमुक भाषेत असंच आहे" म्हणून वाद मिटवणं.
हॅस्केलमध्ये कन्स्ट्रक्टरचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं, तो भाषेचाच नियम आहे. पायथनमध्ये कॉन्स्टंट मोठ्या अक्षरांत लिहिणं हा फक्त रिवाज. रस्टमध्ये कॉन्स्टंटचं नाव चुकलं तर नवं व्हेरिएबल तयार होतं, पण कंपायलर सहसा इशारा देतो. एलिक्सिरमध्ये जुन्या किमतीशी तुलना हवी असेल तर नावाआधी `^` लावतात, रुबीने २.७ मध्ये तीच खूण घेतली. उसनं घ्यायचं तर सिंटॅक्ससोबत त्याचा आधारही घ्या.

करा: जुना कोड मोडेल का, ते पाहा.
`मॅच` हे व्हेरिएबलचं नाव असंख्य प्रोग्रॅममध्ये आहे, रेग्युलर एक्स्प्रेशनच्या मॉड्यूलमध्ये त्याच नावाचं फंक्शनही आहे. तो पक्का कीवर्ड केला असता तर हे सगळं कोसळलं असतं. पायथन ३.९ मध्ये नवा पार्सर आला होता, म्हणून ३.१० मध्ये संदर्भापुरता कीवर्ड करणं जमलं.

टाळा: एका चिन्हावर आठवडे घालवणं. "काहीही चालेल" यासाठी `_` की `?`, यावर पेप ६४० निघाला आणि नाकारलाही गेला. दोन्ही चालले असते.

टाळा: माणसावर घसरणं. वॉलरस ऑपरेटरच्या (`:=`) वादानंतर जुलै २०१८ मध्ये खुद्द पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी निर्णय घेण्याची जबाबदारी सोडली.

करा: वादात नसलेल्या माणसाला कोड दाखवा.
वरच्या `नॉट_फाउंड`च्या ओळी कागदावर काढा, नुकतंच पायथन शिकलेल्या कुणाहीपुढे ठेवा आणि विचारा, "५०० आला तर काय होईल?" मध्ये बोलू नका. उत्तर चुकलं तर समजावत बसू नका, ते जसंच्या तसं लिहून चर्चेत आणा.