मोरचंग : एक पट्टी, अनेक स्वर

प्रस्तावना

प्रौढ वयात एखादे वाद्य शिकावेसे वाटले, तर मनात दोन शंका उभ्या राहतात. वाद्य परवडेल काय, ही पहिली शंका. आणि शिकण्याचे वय निघून तर गेले नाही ना, ही दुसरी. या पाठात ज्या वाद्याची ओळख करून घ्यायची आहे, ते तळहातात मावते, लोहाराच्या साध्या भट्टीत तयार होते आणि काही शे रुपयांत मिळते. मात्र ते स्वस्त आहे म्हणून सोपे नाही, आणि लहान आहे म्हणून त्याचे संगीत उणे नाही. मोरचंग हे त्याचे नाव. त्याचे अर्धे अंग लोखंडाचे असते. उरलेले अर्धे वाजवणाऱ्याच्या मुखात असते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• मोरचंगाची रचना व त्याच्या नादाचे कारण सांगणे.
• चांगला मोरचंग पारखण्याच्या कसोट्या स्पष्ट करणे.
• वादनाच्या पायऱ्या क्रमाने लिहिणे.
• ‘स्वर’ या शब्दाच्या दोन अर्थांतील नाते समजून घेणे.

मूळ पाठ

१. वाळवंटापासून सभागृहापर्यंत

राजस्थानच्या पश्चिम भागात, जैसलमेर, बाडमेर आणि जोधपूरच्या परिसरात लंगा व मांगणियार या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या गायन-वादनाची परंपरा जपली आहे. सारंगी, कमायचा, खडताल यांच्या जोडीला त्यांच्याकडे मोरचंगही वाजतो. या घरांतील मुले संगीत शिकतात ती वहीवरून नव्हे. वडीलधारी माणसे गातात, मुले ऐकतात आणि ऐकता ऐकता त्यांच्या ओठी-बोटी ताल उतरतो. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी (१९२९–२००४) यांनी हे मौखिक ज्ञान जाणले. विजयदान देथा यांच्यासह १९६० मध्ये बोरुंदा या गावी त्यांनी ‘रूपायन संस्थान’ स्थापन केले आणि लोककलावंतांचे संगीत ध्वनिमुद्रित करून ठेवले. जे शाळेत शिकवले जात नाही, तेही ज्ञानच असते, ही दृष्टी त्यामागे होती.

दक्षिण भारतात याच वाद्याला ‘मोरसिंग’ म्हणतात. कर्नाटक संगीताच्या सभेत मृदंगाच्या साथीने ते तालवाद्य म्हणून वाजते. आसामात बिहूच्या गाण्यांबरोबर वाजणारी ‘गोगोना’ ही बांबूची असते. भारताबाहेर, रशियातील याकुतिया प्रदेशात या जातीच्या वाद्याला ‘खोमुस’ म्हणतात आणि तेथे त्याला मोठा मान आहे. नावे वेगळी, घडण थोडी वेगळी. पण कंप पावणारी पट्टी आणि माणसाचे मुख, हे सूत्र सर्वत्र एकच.

२. नादाचे रहस्य

मोरचंगाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे चौकट. ती एका टोकाला कड्यासारखी गोल असते व पुढे तिच्या दोन समांतर भुजा निघतात. दुसरा भाग म्हणजे या भुजांच्या मधोमध बसवलेली लवचीक पोलादी पट्टी. तिला ‘जीभ’ असेही म्हणतात. जिभेचे मोकळे टोक बाहेरच्या बाजूला वळवलेले असते. ते बोटाने छेडले की पट्टी कंप पावते.

येथे एक प्रश्न पडतो. पट्टी एकच, तिची लांबी ठरलेली. मग तिच्यातून निरनिराळे स्वर कसे निघतात? समजा, पट्टी एका सेकंदात ८० वेळा कंप पावते. तिच्या नादात ८० कंपनांचा मूळ स्वर तर असतोच; शिवाय १६०, २४०, ३२० अशा पटींतील अनेक सूक्ष्म स्वरही मिसळलेले असतात. वादक तोंडातील पोकळी लहान-मोठी करतो, तेव्हा या स्वरांपैकी त्या पोकळीला अनुकूल असा स्वर ठळक होतो. नळाखाली घागर भरताना आतील रिकामी जागा कमी होत जाते आणि आवाज चढत जातो, हा अनुभव सर्वांचाच आहे. मुखात घडते ते याच जातीचे.

मराठीत ‘स्वर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. अ, आ, इ, ई हे वर्णमालेतील स्वर. आणि सा, रे, ग, म हे संगीतातील स्वर. मोरचंगात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. ‘ऊ’ उच्चारताना तोंडाचा जो आकार होतो, त्याने खालचा स्वर ठळक होतो. ‘ई’चा आकार केला की वरचा स्वर चमकतो. म्हणजे बोलताना नकळत केलेली हालचालच येथे संगीत होते.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. रूपायन संस्थानाची स्थापना ______ मध्ये झाली.
२. आसामातील गोगोना ______ची असते.
(आ) घागरीचे उदाहरण कोणती गोष्ट समजावण्यासाठी दिले आहे?

३. निवड कशी करावी?

बाजारात नक्षीदार, रंगवलेले मोरचंगही मिळतात. नक्षी डोळ्यांना सुखावते, परंतु नादाशी तिचा संबंध नसतो. घेणाऱ्याने प्रथम मोरचंग उजेडासमोर धरून पाहावा. जीभ आणि दोन्ही भुजा यांच्यातील फट अरुंद आणि दोन्हीकडे सारखी असावी. फट रुंद असेल, तर नाद पोकळ व क्षीण येतो. जीभ भुजेला घासत असेल, तर नुसता खरखराट होतो. साध्या मोरचंगाची पहिली परीक्षा हीच.

त्यानंतर कडे हातात धरून टोक हलकेच छेडावे. कंप लगेच थांबू नये, काही क्षण टिकावा. जीभ जेथे चौकटीत बसवली आहे, तो सांधा घट्ट असावा. दातांना टेकणाऱ्या भुजा सपाट व गुळगुळीत असाव्यात. त्यांवर धारदार कड किंवा गंज नसावा. बोट लागते ते टोकही टोचणारे नसावे. फार ताठ पट्टी नवशिक्याचे बोट दुखवते. म्हणून आरंभी मध्यम लवचीक पट्टीचा मोरचंग बरा.

मूळ स्वर मुखाने बदलता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून मोरसिंगवादक वेगवेगळ्या पट्ट्यांत गाणाऱ्यांच्या साथीसाठी अनेक मोरसिंग जवळ बाळगतात. जिभेच्या टोकाशी मेणाचा लहानसा ठिपका लावून स्वर किंचित उतरवताही येतो.

४. वादनाच्या पायऱ्या

धरणे : डाव्या हाताच्या अंगठ्याने व बोटांनी कडे घट्ट धरावे, भुजा मात्र दाबू नयेत. त्या दाबल्या की फट मिटते आणि जीभ अडकते.

टेकवणे : वरचे व खालचे दात एकमेकांपासून थोडे विलग ठेवून भुजा त्यांवर हलक्या टेकवाव्यात आणि ओठ भुजांवर अलगद ठेवावेत. दातांमधून जिभेला मोकळी वाट मिळाली पाहिजे. येथे घाई केल्यास पोलादी पट्टी दातावर आदळते आणि दाताचा टवका उडू शकतो. दात हलत असतील किंवा कृत्रिम दात बसवले असतील, तर आधी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

छेडणे : उजव्या हाताच्या तर्जनीने टोक सरळ रेषेत छेडावे. आडवे ओढल्यास जीभ भुजेवर आपटते. जोर लावण्याचे कारण नाही. हलक्या बोटालाच चांगला नाद मिळतो.

श्वास : स्वच्छ नाद येऊ लागल्यावर छेडता छेडता तोंडाने श्वास आत घ्यावा व बाहेर सोडावा. श्वासाने नाद भरदार होतो.

स्वर : मग कंठातून आवाज न काढता ऊ, ओ, आ, ए, ई हे आकार क्रमाने करावेत आणि बदलणारा नाद कान देऊन ऐकावा.

ताल : शेवटी ‘त क धि मि’ हे चार बोल मनात म्हणत समान गतीने छेडावे. पुढे केरव्याच्या आठ मात्रा घ्याव्यात.

आरंभीचे काही दिवस खडखडाटच अधिक ऐकू येतो. पुष्कळ जण येथेच वाद्य खाली ठेवतात आणि दोष स्वस्त मोरचंगाला देतात. वस्तुतः बहुधा भुजा दाबलेल्या असतात किंवा दात मिटलेले असतात. धरण्याची रीत सुधारली की त्याच मोरचंगातून नाद उमटतो. दातांतून व कवटीतून कंप थेट कानापर्यंत पोहोचत असल्याने वादकाला स्वतःचा नाद मोठा भासतो. शेजारच्या माणसाला तो पुष्कळ मंद ऐकू येतो. म्हणून एका खोलीच्या घरातही, इतरांची झोप न मोडता, सराव करता येतो.

वादन झाल्यावर मोरचंग कोरड्या कापडाने पुसावा, अधूनमधून खाद्यतेलाचे बोट फिरवावे आणि टोक वाकू नये म्हणून डबीत ठेवावा. तोंडाचे वाद्य एकाचे दुसऱ्याने वापरू नये.

५. समारोप

परवडेल काय, या शंकेचे उत्तर लोहाराच्या भट्टीत मिळते. वय निघून गेले काय, या शंकेचे उत्तर मात्र शिकणाऱ्याच्या मुखातच असते. ऊ-पासून ई-पर्यंतचे स्वर प्रत्येकाने बालपणीच आत्मसात केलेले असतात. या वाद्याचे अर्धे शिक्षण तेव्हाच झालेले असते. उरलेल्या अर्ध्यासाठी हलके बोट, सावध कान आणि रोजचा थोडा वेळ पुरतो.

पाठगत प्रश्न २

योग्य पर्याय निवडा.
१. मोरचंग घेताना प्रथम पाहावी : (क) नक्षी (ख) फट (ग) रंग
२. टोक छेडावे : (क) आडवे (ख) जोराने (ग) सरळ रेषेत

शब्दार्थ

मौखिक – तोंडी चालत आलेले. भुजा – बाजूचा दांडा. क्षीण – दुर्बल. विलग – वेगळे. तर्जनी – अंगठ्याजवळचे बोट. आत्मसात करणे – पूर्णपणे शिकून घेणे

पाठान्त प्रश्न

१. मोरचंगाच्या एकाच पट्टीतून अनेक स्वर कसे मिळतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. ‘दोष स्वस्त मोरचंगाला देतात’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. ‘स्वर’प्रमाणे दोन अर्थ असणारे तीन शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.
४. उपक्रम : तुमच्या परिसरात ऐकून-ऐकून शिकली जाणारी एखादी कला निवडा. ती जाणणाऱ्या व्यक्तीशी बोलून दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १. १९६०, २. बांबू. (आ) पोकळी बदलली की ठळक होणारा स्वर बदलतो, हे समजावण्यासाठी.
२. १. (ख), २. (ग)